बोरन्हाणातला शेंगदाणा: सिडकोतल्या एका घराची पाहणी

मुलगी 16 महिन्यांची. वजन 10 किलोच्या आसपास, उंची 78 सेंटिमीटर. आठवडाभर खोकला, मधूनच ताप, औषध बदलूनही उतार नाही. बालरोगतज्ज्ञांनी छाती तपासली तर उजव्या बाजूला श्वासाचा आवाज कमी येत होता. त्यांनी आईला विचारलं, "मध्यंतरी हिला कधी जोराचा ठसका लागला होता का?"

लागला होता. रविवारी घरात बोरन्हाण झालं. संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान लहान मुलाला काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घालून डोक्यावरून बोरं, हरभऱ्याचे घाटे, शेंगदाणे, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा ओततात आणि जमलेली पोरं ते लुटतात. मंगळवारी संध्याकाळी ही मुलगी दिवाणापाशी खेळत असताना एकाएकी खोकायला लागली. चेहरा लाल, डोळ्यांत पाणी. आजीने तोंडात बोट घालून पाहिलं, पाठीवर थोपटलं. थोड्या वेळाने खोकला थांबला, पोरगी दूध पिऊन झोपली आणि घराने सुटकेचा श्वास टाकला.

ही शांतताच फसवी असते. शेंगदाणा स्वरयंत्र ओलांडून खाली श्वासनलिकेच्या फाट्यात जाऊन बसला की ठसका शमतो आणि मूल खेळायला लागतं. उजवा फाटा जास्त रुंद आणि सरळ असतो, म्हणून वस्तू बऱ्याचदा तिकडे जाते. तिथल्या ओलाव्याने दाणा फुगतो, त्याचं तेल आतलं अस्तर चिडवतं, आणि काही दिवसांनी खोकला, ताप, घरघर सुरू होते. एक्स-रेत दाणा दिसत नाही. फार तर त्या बाजूचं फुप्फुस हवा अडकल्यामुळे जास्त फुगलेलं दिसतं. या मुलीला भूल देऊन दुर्बिणीने अर्धा शेंगदाणा काढावा लागला. आता ती ठणठणीत आहे.

मी बालरुग्ण विभागात परिचारिका म्हणून काम केलं आहे आणि आता लहान मुलं असलेल्या घरांची सुरक्षेच्या दृष्टीने पाहणी करून देते. या घरी मला मुलीच्या आईने बोलावलं. घरच्यांची परवानगी घेऊन लिहिते आहे. नावं, गल्ली आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

चौघं घरात होते

नाशिकच्या सिडको वसाहतीतलं जुनं रो-हाऊस. खाली हॉल, स्वयंपाकघर, न्हाणीघर. वर नंतर चढवलेली खोली, पुढे गच्ची. मधे अरुंद, चढा जिना. वडील अंबडच्या एमआयडीसीत पाळीने कामाला, आई सकाळी घरूनच हिशेबाचं काम करते. आजी-आजोबा मूळचे दिंडोरी तालुक्यातले. द्राक्षाचा मळा आता मोठा मुलगा बघतो, आजोबांचं जाणं-येणं चालू असतं.

त्या मंगळवारी संध्याकाळी कोण कुठे होतं, हे मी प्रत्येकाला वेगवेगळं विचारलं. आई गच्चीवर कपडे काढत होती, मुलगी आजीकडे आहे असं समजून. आजी भाकरी थापत होती, हॉलमध्ये मुलीचा बाप बसलाय म्हणून निर्धास्त. वडील फोनवर बोलत ओसरीत आले होते, आजोबा शेजारीच आहेत या हिशेबाने. आजोबा बातम्या बघत होते, कारण पोर आईच्या मागे वर गेली असं त्यांना वाटलं होतं. निष्काळजी यातलं कोणीच नव्हतं. चार मोठी माणसं घरात होती आणि मूल कोणाकडेच नव्हतं.

म्हणून "लक्ष ठेवा" हा सल्ला मी कोणत्याही घराला देत नाही. लक्ष सगळेच ठेवतात. ज्या घरात चौघं लक्ष ठेवतात तिथे प्रत्येकाच्या वाट्याचं लक्ष थोडं थोडं सैल होतं. घराची मांडणी अशी हवी की लक्ष दोन मिनिटं सुटलं तरी निभावेल. आणि मूल या क्षणी कोणाकडे आहे, याचं उत्तर एकच माणूस हवं.

शेंगदाणा तिथे दोन दिवस राहिला कसा, हेही पाहिलं. सोमवारी घर दोनदा झाडलं होतं, एकदा आजीने, एकदा आईने. पण दिवाणाच्या पायांमधली फट जेमतेम 10 सेंटिमीटर आणि पुढ्यात गाद्यांची ट्रंक. मी जमिनीवर पालथी पडून टॉर्च मारला तेव्हा भिंतीलगत अजून दोन हरभरे, एक सुकलेलं बोर आणि पांढऱ्या हलव्याचे दाणे दिसले. केरसुणी जिथे पोचत नव्हती, तिथे त्या पोरीचा हात सहज पोचत होता.

आजीचं म्हणणं होतं, "ताई, आम्ही चार पोरं वाढवली. तेव्हा कुठे होती ही कुलपं?" मी वाद घातला नाही, त्यांच्या दिंडोरीच्या घराविषयी विचारत राहिले. बोलता बोलता त्यांनीच सांगितलं की धाकट्या लेकाच्या दंडावर अजून वळ आहे, चुलीवरचं आधण अंगावर आलं होतं. थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "बघा तुम्ही, काय काय हलवायचं ते सांगा."

सकाळी सव्वासहा ते नऊ

बहुतेक जण घर खोलीवार तपासतात. मी आधी वेळ धरते, कारण एकच स्वयंपाकघर दुपारी तीनला वेगळं आणि सकाळी सातला वेगळं असतं. या घराची सगळ्यात धोक्याची वेळ वडिलांच्या पहिल्या पाळीची सकाळ होती. मी येण्याआधी आवराआवर करू नका, असं बजावूनच गेले होते.

नाशिकची फेब्रुवारीतली पहाट, चांगलीच थंडी. न्हाणीघरात प्लॅस्टिकच्या बादलीत हीटरचा रॉड लावलेला. सॉकेट बाहेर बोळीत, त्यामुळे वायर दाराच्या फटीतून आत गेलेली आणि म्हणून न्हाणीघराचं दार लागतच नव्हतं. आत फरशीवर उकळीला आलेलं पाणी, त्यात विजेचा रॉड, दार अर्धं उघडं, आणि सहा-सात पावलांवर नुकतीच झोपेतून उठलेली मुलगी. या वयाच्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. बादलीत वाकलं की तोल पुढे जातो आणि परत सरळ होता येत नाही. गार पाण्याच्या बादलीतही मूल असंच बुडतं, त्याला चार बोटं पाणीसुद्धा पुरतं, आणि आवाज होत नाही.

रॉड त्याच दिवशी बंद करायला सांगितला. वडिलांनी 15 लिटरचा गिझर बसवून घेतला आणि त्याचा थर्मोस्टॅट 50 अंशांच्या खाली ठेवला. 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत खोलवर भाजतं. 50 च्या खाली आलं की तोच अवधी मिनिटांवर जातो आणि मूल ओरडून बाजूला व्हायला, मोठ्यांनी धावायला वेळ मिळतो. तरी बादलीत आधी गार पाणी, मग गरम, हा क्रम पाळायचाच. आंघोळी झाल्या की बादल्या रिकाम्या करून पालथ्या घालायच्या. पाणी जाईल म्हणून भरून ठेवण्याची सवय सोडवणं अवघड गेलं. शेवटी पाणी भरून ठेवायला घट्ट झाकणाचं पिंप घेतलं आणि न्हाणीघराला बाहेरून वरच्या बाजूला कडी लावली.

वीजजोडणी बघताना लक्षात आलं की घरात एमसीबी होते, पण आरसीसीबी नव्हता. दोन्ही आपोआप वीज तोडणारी बटणं, पण फरक मोठा आहे. एमसीबी जास्त भाराने वायर तापू नये म्हणून सुटतो, माणसाच्या अंगातून जाणारा थोडासा प्रवाह त्याला कळत नाही. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी तो गळता प्रवाह ओळखून वीज तोडतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून तो बसवला, अर्थिंगही तपासून घेतलं. मूल नसलेल्या घरातही हे असावं, इतकं ते महत्त्वाचं आहे.

स्वयंपाकघरात मी मोजपट्टी काढली. मुलीने टाचा उंचावून हात वर केला की बोटं 90 सेंटिमीटरच्या पुढे जातात. ओट्याची उंची 82. म्हणजे ओट्याच्या कडेला ठेवलेला कप, पातेल्याचा बाहेर आलेला दांडा, मिक्सरची लोंबती वायर, सगळं तिच्या हाताशी. आईला हे ऐकून धक्का बसला, कारण ती मुलगी त्यांच्या नजरेत अजून गुडघ्याएवढीच होती. भिंतीवर 95 सेंटिमीटरवर खडूने रेघ ओढली: याच्या खाली गरम, धारदार, विषारी काही नाही. स्टूल ओढायला लागली की रेघ आणखी वर. चहा तर ओतून पाव तास झाला तरी लहान मुलाची कातडी पोळण्याइतका गरम राहू शकतो, म्हणून चहा मांडीवर मूल घेऊन कोणी प्यायचा नाही, आजोबांनीसुद्धा.

कोणाला भाजलंच तर वाहत्या नळाखाली 20 मिनिटं धरायचं. बर्फ नको, हळद नको, टूथपेस्ट नको. भाजल्यावर घरोघरी हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो, म्हणून हे मी मुद्दाम दोनदा सांगते.

बिस्किटांचा डबा

या घरात मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती टीव्हीखालच्या एका पत्र्याच्या डब्याची. तो पूर्वी बिस्किटांचा होता, आता त्यात औषधं होती. मुलीला त्याच आकाराच्या दुसऱ्या डब्यातून रोज बिस्किट मिळायचं. तिच्या लेखी दोन्ही डबे एकच.

आत आजोबांच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या आणि आईच्या बाळंतपणानंतर उरलेल्या लोहाच्या लाल गोळ्या. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. मी आईसमोर कागदावर हिशेब मांडला. मुलीचं वजन 10 किलो. दहा गोळ्या म्हणजे 600 मिलिग्रॅम, किलोमागे 60. एवढं लोह लहान मुलाच्या जिवावर बेततं आणि एका पट्टीत दहा गोळ्या सहज असतात. गुळगुळीत लाल, खाऊसारखी दिसणारी गोळी. मधुमेहाच्या काही औषधांची तर एकच गोळी मुलाची साखर धोकादायकरीत्या उतरवू शकते, आणि तेही काही तासांनी, सगळे निश्चिंत झाल्यावर. म्हणून "एकच खाल्ली असेल, बघू" असं कधी म्हणायचं नाही. गोळ्यांची पट्टी बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठायचा.

औषधं वरच्या कपाटात कुलपात गेली. आजोबांनी खिशात गोळ्यांची पट्टी ठेवायचं सोडलं. आणि औषध पाजताना "हा बघ खाऊ" म्हणणं घरातून हद्दपार झालं.

देव्हाऱ्यापाशी मात्र मला हळुवारपणे जावं लागलं. तो जमिनीपासून हातभर उंचीवर, आजीचे गुडघे दुखतात म्हणून पाटावर बसून पूजा करता येईल असा. तो उंच भिंतीवर न्या, असं सांगणं म्हणजे त्यांची पूजाच बंद करणं. मी ते सांगितलं नाही. पण कापराची डबी उघडी होती. कापूर थोडासाच पोटात गेला तरी लहान मुलाला आकडी येऊ शकते, बऱ्याचदा तासाभराच्या आतच. आजी हादरल्या, कारण सर्दी झाली की त्या कापराची पुरचुंडी पोरीच्या गळ्यात बांधायच्या. कापूर, काडेपेटी, वाती, सुटी नाणी, सगळं आता एका स्टीलच्या डब्यात वरच्या फळीवर असतं. पूजेला बसताना तो खाली येतो, उठताना आजींच्या हाताने परत वर जातो. समई आजी समोर असतील तेव्हाच तेवते.

सिंकखाली थंड पेयाच्या जुन्या बाटलीत फिनेल होतं, दारावर सुटं विकायला येतं ते. बाटली रिकामी करून फेकली. पिण्याच्या बाटलीत पिण्याखेरीज काहीही भरायचं नाही, हा नियम घरातल्या प्रत्येकाने आपापल्या तोंडाने म्हणावा असा माझा आग्रह होता. फिनेल, रॉकेल, थिनर, ॲसिड पोटात गेलं तर उलटी काढायची नाही. जाताना जाळलेलं परत येताना पुन्हा जाळतं, आणि रॉकेल-थिनर फुप्फुसात उतरतं. बाटली घेऊन निघायचं, 108 ला फोन करायचा. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्र आहे, तिथूनही फोनवर मार्गदर्शन मिळतं.

नाण्याएवढ्या चपट्या बॅटऱ्यांविषयी घरात कोणालाच कल्पना नव्हती. जत्रेतल्या गाण्याच्या खेळण्यात एक सापडली, झाकणाला स्क्रू नाही. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून जाळायला लागते. गिळल्याची नुसती शंका आली तरी ताबडतोब रुग्णालय. वर्षाच्या वरच्या मुलाला वाटेत दोन-दोन चमचे मध देत राहावं, पण मधासाठी थांबू नये आणि उलटी काढू नये. खेळणी घेताना आयएसआय चिन्ह बघा. 1 जानेवारी 2021 पासून ते आपल्याकडे बंधनकारक आहे.

विकत आणलेलं आणि न टिकलेलं

मी जाण्याआधीच वडिलांनी ऑनलाइन एक मोठं पाकीट मागवलं होतं. चिकटवायच्या ड्रॉवर-कड्या, फोमचे कोपरे, सॉकेटची टोपणं. ड्रॉवरच्या कड्या फोडणीच्या तेलकट वाफेने आठवड्यात सुटल्या. ज्या टिकल्या त्या आजीच्या बोटांना उघडेनात, म्हणून ड्रॉवर उघडेच राहायला लागले. फोमचा एक कोपरा मुलीने उपटून चावला, तुकडा आईने तोंडातून काढला. सॉकेटची टोपणं इस्त्री करताना निघायची आणि तिथेच पडायची. माझं ठाम मत झालं आहे की ज्या उपायाला रोज कोणीतरी आठवणीने परत लावावं लागतं तो भारतीय घरात टिकत नाही. सुऱ्या, किसण्या, आडकित्ता वरच्या कपाटात गेले आणि कड्यांची गरजच उरली नाही. खालचे सॉकेट आतून आपोआप बंद होणाऱ्या शटरचे बसवले. टेबलाचा टोकदार कोपरा सुताराकडून घासून घेतला.

जिन्याचं फाटक वडिलांनी अंबडच्याच एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलं. गज उभे, मधलं अंतर 10 सेंटिमीटरच्या आत, आडवी पट्टी अशी नाही की पाय ठेवून चढता येईल. वर आणि खाली, दोन्हीकडे, भिंतीत स्क्रूने. नुसत्या दाबावर बसणारं फाटक जिन्याच्या वरच्या टोकाला कधीच लावू नये. जड कपाट आणि टीव्हीचं युनिट भिंतीला पट्टीने आवळलं, कारण ही मुलगी खण उघडून त्यांची पायरी करायला शिकलीच होती.

मूल सोपवण्याची पद्धत मात्र फुकट होती आणि तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. "छोटी आता माझ्याकडे" हे घेणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय आधीच्याने हलायचं नाही. सुरुवातीला आजोबांना हे परकं वाटलं, घरच्या पोरीची पावती कसली फाडायची म्हणून. पण जिन्याचं फाटक उघडं राहिलेलं असताना कोणाचीही चूक शोधत न बसता कोणी बंद करायचं हे लगेच कळलं, तेव्हापासून सगळ्यात काटेकोर तेच आहेत.

द्राक्षं

घशात अडकणं आणि श्वासनलिकेत जाणं, दोन्ही टाळायचं तर पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, हरभरे, बिया असलेली बोरं, चिवड्यातले दाणे नकोत. दाढा पुऱ्या येईपर्यंत मूल दाणा चावत नाही, फोडतं, आणि हसता-पळता तो खाली जातो. शेंगदाण्याचं कूट मात्र भाजीतून खुशाल द्या. पुढच्या वर्षी घरात बोरन्हाण होणार का, असं आजीने दबक्या आवाजात विचारलं. मी म्हटलं, जरूर करा. ओतायला फुलांच्या पाकळ्या आणि मोठी बिस्किटं घ्या. खाली चादर पसरा, झालं की चारही टोकं धरून उचला, आणि दिवाण हलवून झाडा.

त्यानंतर आजोबा आतून द्राक्षांची पेटी घेऊन आले. मळ्यातली, बिनबियांची. मी अख्खा मणी देऊ नका म्हटलं तर त्यांचा चेहरा उतरला. "आमच्या मळ्यातलं द्राक्ष आमच्या नातीला नको?" मी एक मणी हातात घेऊन दाखवला. गोल, गुळगुळीत, दाबला तर दबणारा. निर्यातीचा टपोरा मणी या मुलीच्या श्वासमार्गाहून कितीतरी जाड असतो. तो आत जात नाही, तोंडाशीच बुचासारखा घट्ट बसतो आणि कडेने हवा जायला फट राहत नाही. ठसका लागायलाही श्वास लागतो, म्हणून असं गुदमरणारं मूल आवाज करत नाही. आडवा कापला तरी चकती गोलच राहते. उभे चार तुकडे करायचे, म्हणजे गोलाईच संपते. आजोबांनी खिशातला मळ्यातला चाकू काढला, मणी देठापासून उभा चिरला, पुन्हा चिरला, आणि ताटली मुलीपुढे ठेवली.

आणि तरीही अडकलंच तर काय, याचा सराव सगळ्यांनी उशीवर केला. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्यायचं, मधे पडायचं नाही. खोकला निघत नसेल, आवाज नसेल, ओठ निळे पडत असतील तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधे तळव्याने पाच फटके. नाही निघालं तर मागून वेढा घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत आणि वर दाब. आळीपाळीने चालू ठेवायचं, दुसऱ्याने 108 लावायचा. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर दाब पोटावर नाही, छातीवर. मुलाची शुद्ध हरपली तर छातीवरचे दाब आणि तोंडाने श्वास सुरू करायचा. दिसत नसेल तर तोंडात बोट घालून चाचपायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. आजीने हे नीट ऐकून घेतलं आणि सुनेला म्हणाल्या, "तू पण करून दाखव, मी बघते."

गच्ची आणि मळा

गच्चीवरच्या कोपऱ्यात द्राक्षाच्या फवारणीची उरलेली औषधं होती. त्यात ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीला कोंब फुटावेत म्हणून लावतात त्या हायड्रोजन सायनामाइडचा अर्धा डबाही. ते नुसतं कातडीतूनही बाधतं. आजोबांनी सगळं त्याच आठवड्यात मळ्यावर हलवलं, तिथे लोखंडी पेटी केली, कुलूप लावलं, किल्ली मोठ्या मुलाकडे.

मळ्यावरचा दुसरा धोका अजून बाकी आहे. तिथे शेततळं आहे, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, पोहता येणारा मोठा माणूससुद्धा आत घसरला तर वर येऊ शकत नाही. मी चारी बाजूंनी जाळीचं कुंपण, कुलपाचं फाटक आणि काठावर खुंट्याला बांधून पाण्यापर्यंत सोडलेले गाठींचे दोर सांगितले आहेत. दोर लगेच बांधले. कुंपणाचे खांब आलेत, जाळी द्राक्षांचे पैसे आल्यावर. तोवर मुलीला मळ्यावर न्यायचं नाही, असं आजोबांनीच मोठ्या मुलाला फोनवर माझ्यासमोर सांगितलं.